नगाऱ्यापाशी थांबलेला टांगा

समजा, तुम्ही इथलेच आहात असं तुम्हाला एका कागदावर लिहून द्यायचं आहे.

कागद स्टांपाचा आहे. समोर अर्जनवीस बसलाय, मांडीवर फळी, फळीवर कागद, हातात टाक. तो नाव विचारतो, तुम्ही सांगता. बापाचं नाव विचारतो, तेही सांगता. धंदा काय, राहायला कुठं, बायको कुठली, सगळं विचारतो आणि पायाखालची वाट सांगावी तसं तुम्ही सांगत जाता. मग तो टाक दौतीत बुडवतो आणि मान वर न करता म्हणतो, "सरकारनं कधी दंड केलाय काय? लहान, मोठा, कसलाबी?" आता तुमच्या डोळ्यांसमोर एक संध्याकाळ उभी राहते. धुळीची, केशरी. तिच्यात तुम्ही रस्त्याच्या मधोमध उभे आहात आणि एक पोलीस तुमच्याकडे चालत येतोय. टाकाच्या टोकाला शाईचा थेंब जमतोय. काय सांगाल?

बाबालाल टांगेवाल्यानं काहीच सांगितलं नाही. तो उठला, कचेरीसमोरच्या कडुलिंबाखालून बाहेर आला आणि आपल्या घोडीच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला. अर्जनवीस आकाराम मागून म्हणाला, की शाई वाळतीय, पावणं. बाबालालनं ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

ही गोष्ट कोल्हापुरातली, महाराजांच्या कारकिर्दीतली. प्लेगाची साथ ओसरून बरीच वर्षं झाली होती, लोक पुन्हा दाटीवाटीनं राहू लागले होते आणि शहरात मोटारी दिसू लागल्या होत्या. मोटारी थोड्याच, पण त्यांच्यापायी रस्त्याचे कायदे फार झाले. टांगा डाव्या अंगानं चालवा, दिवेलागणीला दिवा लावा, मध्येच उभा करू नका. आणि आता नवा हुकूम निघाला होता, की स्टेशनाच्या अड्ड्यावर उभं राहण्याचा पितळी बिल्ला इथून पुढं संस्थानच्या इलाख्यातल्या रयतेलाच मिळेल. बाहेरच्या मुलखातल्या माणसानं आधी रयत म्हणून नाव दाखल करून घ्यावं, नाहीतर आपल्या गावी जाऊन टांगा हाकावा.

बाबालाल मूळचा निपाणीचा. बाप तंबाखूच्या वखारीत हमाली करायचा. कोल्हापुरात रेल्वे नवी नवी आली तेव्हा हा पोरगा तंबाखूच्या गाडीत बसून आगगाडी बघायला आला, आणि आगगाडी बघून झाल्यावर परत जायचं राहूनच गेलं. निपाणी तशी दूर नाही. सकाळी बैल जुंपले तर दिवस मावळायच्या आत पोचावं एवढी. पण वाटेत कुठंतरी संस्थान संपतं आणि इंग्रजी मुलूख लागतो. नेमकं कुठं, ते बाबालालला कधीच दिसलं नव्हतं. धूळ तीच, ऊस तोच, आणि वाऱ्यावर तंबाखूचा वास आला की समजायचं, जवळ आलं.

कोल्हापुरात त्यानं आधी टांगे धुतले, मग दुसऱ्याचा टांगा हाकला, मग बांगड्या भरणाऱ्या मणेराच्या घरातल्या अमीरबीशी निकाह लावला आणि शेवटी स्वतःचा टांगा केला. केसांत पांढरं आलं. तरी अड्ड्यावर, बाजारात, गंगावेशीत लोक त्याला 'पावणं'च म्हणायचे. त्यात वावगं काही नव्हतं. अनोळखी माणसाला कोल्हापूर पावणंच म्हणतं, आणि तेही मोठ्या प्रेमानं, लांबून ओरडून. पहिल्या वर्षी त्याला ते फार आवडलं होतं. मग कधीतरी आवडेनासं झालं. पावण्याला जेवू घालतात, बसायला घोंगडं देतात, आणि मग सगळे पावणा कधी उठतोय याची वाट बघतात.

म्हणून तो कडुलिंबाखाली आकारामसमोर येऊन बसला होता. बिल्ला हुकला तर स्टेशन गेलं, आणि स्टेशन गेलं तर परत निपाणी. आणि निपाणीत आता त्याला ओळखणारं कोण होतं? तिथंही पावणंच म्हटलं असतं.

आकाराम वयानं लहान, पण कामाला पक्का. घरात पहिलाच शिकलेला. प्रत्येक अक्षर जमिनीत खुंटा ठोकावा तसं लिहायचा. बाबालाल परत येऊन बसला तेव्हा त्यानं शांतपणे सगळं समजावलं. दंड लहान असेल तर अर्ज बुडत नाही. बुडतो तो लपवल्यानं. कोतवालीत सगळी नोंद असते, ती आज ना उद्या वर येते, आणि मग साहेब म्हणतात, हा रयत व्हायला आला आणि पहिल्याच दिवशी खोटं बोलला. तेव्हा जे असेल ते सांगायचं, कशापायी झालं ते सांगायचं आणि दंड भरला हे दाखवायचं. "भरलाय न्हवं?" त्यानं विचारलं.

"भरलाय की."

"पावत्या?"

दिव्याचे दोन दंड होते. त्यांच्या पावत्या टांग्याच्या गादीखाली होत्या. ते दंड कशापायी झाले हे सांगायलाही अवघड नव्हतं. अड्ड्यावरचे टांगेवाले दिवेलागणीला वाटेवरच्या पिराच्या पणतीत आधी तेल घालायचे आणि मग उरलेलं आपल्या टांग्याच्या दिव्यात. हिंदू असो, मुसलमान असो, पिराचं तेल आधी. कधी लांबचं गिऱ्हाईक मिळालं तर परतताना दिवा विझायचा आणि पोलीस धरायचा. अड्ड्यावर असा दंड न झालेला माणूस शोधून सापडला नसता.

तिसऱ्या दंडापाशी बाबालालची जीभ अडली.

बाबालालची घोडी म्हणजे चांदणी. अंगानं तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका. ती सरकारी पागेतली. एका डोळ्याला जाळं आलं म्हणून पागेनं लिलावात काढली आणि बाबालालनं घेतली. देताना पागेत घोड्यांची निगा राखणाऱ्या म्हाताऱ्या मोतद्दारानं तिच्या पाठीवर थाप मारून सांगितलं होतं, की बाबा, एवढं ध्यानात ठेव, नगारा वाजला की ही थांबणार. मिरवणुकीच्या घोड्यांना आम्ही तसंच शिकवतो. नगारा चालू तोवर पाय रोवून उभं, नगारा थांबला की चालायचं. तिला मारू नको, तिचा दोष नाही.

आणि खरंच, जुन्या राजवाड्याच्या नगारखान्यावर दिवेलागणीचा नगारा सुरू झाला, की चांदणी असेल तिथं उभी राहायची. पहिल्यांदा बाबालाल वरमला. मागं बसलेलं गिऱ्हाईक ओरडलं, बाजूचे हसले. पण मग नगारा चालूच राहिला. खाली रस्त्यावर उन्हाची शेवटची पट्टी पडली होती, कबुतरं नगारखान्यावरून उडून पुन्हा तिथंच बसत होती, आणि तो खोल आवाज घोडीच्या अंगातून, टांग्याच्या दांड्यांतून, लगामातून त्याच्या तळहातापर्यंत येत होता. हसणारे लोक हसायचे थांबले. एका म्हातारीनं उगाचच हात जोडले. बाबालालला वाटलं, आपण पाण्याखाली आहोत आणि वर सगळं शहर हळूहळू हलतंय. नगारा थांबला. चांदणी चालू लागली. आपण श्वास धरून ठेवला होता, हे त्याला तेव्हा कळलं.

त्यानंतर कित्येक संध्याकाळी तो तिथंच सापडायचा. गिऱ्हाईक नसलं तरी त्याच वाटेनं यायचा. लोकांना त्याची सवय झाली. पोरं म्हणायची, सरकारी घोडी मुजरा करतीय. बाबालाल वर बसून राहायचा, पाठ ताठ, नजर समोर.

मग ती केशरी संध्याकाळ आली. नगारा वाजत होता, चांदणी उभी होती, आणि मागून मोटारीचा भोंगा वाजला. कुण्या साहेबाची मोटार. ती वळायला जागा नव्हती. भोंगा वाजला, पुन्हा वाजला, लोक बाजूला झाले, भाजीवालीनं पाटी ओढून घेतली, आणि टांगा जागचा हलला नाही. पिराजी पोलीस कोपऱ्यावरून आला. बाबालालच्या चेहऱ्याकडं त्यानं बराच वेळ बघितलं, नगारा थांबू दिला आणि मग रहदारीला अडथळा केला म्हणून दंड ठोकला.

दंड भरून बाबालाल घरी आला तेव्हा रागावलेला नव्हता. त्याच्या हातात पावती होती. त्याला वाचता येत नव्हतं, पण कोतवालीतल्या माणसानं वाचून दाखवलं होतं. त्यात त्याचं नाव होतं, बापाचं नाव होतं, खाली 'मुक्काम कोल्हापूर' होतं आणि त्यावर सरकारचा निळा शिक्का होता. दिव्याच्या पावत्या पोलिसांनी घाईघाईत नुसतं 'टांगेवाला' लिहून फाडल्या होत्या. आपलं पुरं नाव आणि कोल्हापूर एका कागदावर, शिक्क्याखाली, त्यानं पहिल्यांदाच बघितलं होतं. अमीरबीला त्यानं तो शिक्का दाखवला. ती म्हणाली, एवढा मोठा शिक्का बघून नजर लावणाऱ्याचीच नजर फिरेल. तिनं कागदाची बारीक घडी केली, चामड्याच्या ताइतात घातली, ताईत शिवला आणि चांदणीच्या गळ्यात बांधला.

दंडाच्या पावतीचा ताईत करावा, हे अमीरबीलाच सुचलं असतं, आणि ते बाबालाललाच पटलं असतं.

त्या दिवसापासून मात्र, पुन्हा दंड नको म्हणून, बाबालालनं वाट बदलली. दिवेलागणीला तो नगारखान्याकडं फिरकायचा नाही. रंकाळ्याच्या अंगाला नाहीतर स्टेशनावर राहायचा, जिथं नगारा ऐकू येत नाही. गिऱ्हाईक राजवाड्याकडं चला म्हणालं तर लांबून वळसा घालायचा. रंकाळ्यावर धुकं उतरायचं, पाण्यात दिवे लांब लांब व्हायचे, आणि त्याला वाटायचं, आता तिकडं नगारा सुरू झाला असेल. मग तो आणि चांदणी दोघंही काही न ऐकता ऐकत उभी राहायची.

आता त्याच दंडाबद्दल आकाराम विचारत होता.

तिसऱ्या दंडाचं मागाहून सांगतो म्हणून बाबालाल उठला आणि अड्ड्यावर येऊन त्यानं हे सगळं दिलदारला सांगितलं. दिलदार त्याच्या शेजारी टांगा लावायचा आणि जगातल्या सगळ्या गोष्टींवर त्याचं मत तयार असायचं. त्यानं सांगितलं, की काही लिहू नको. आणि लिहायचंच असेल तर घोडीवर ढकल. "घोडी सरकारी, नगारा सरकारी, मोटार सरकारी साहेबाची. त्यात तुझा काय संबंध? तू नुसता वर बसलेला पावणा," दिलदार म्हणाला आणि स्वतःच खदखदा हसला.

शेवटचं वाक्य सोडलं तर बाबालालला ते पटलं. घोडीचा दोष, हे खोटंही नव्हतं. मोतद्दारानंच सांगितलं होतं. त्यानं आकारामकडून तसंच लिहून घेतलं, की सदर घोडी सरकारी पागेतली असल्याने नगारा ऐकून थांबली, अर्जदाराचा इलाज चालला नाही. आकारामनं वाचून दाखवलं तेव्हा बाबालालला 'अर्जदार' हा शब्द ऐकून बरं वाटलं.

पावती काढायला घरी अमीरबीनं ताईत उसवला. आत कागद नव्हता. वर्षानुवर्षांचा घोडीचा घाम आणि पाऊस पिऊन त्याचा एक मऊ गोळा झाला होता, आणि त्या गोळ्यात कुठंतरी निळं. अमीरबीनं तो नखानं उलगडायचा प्रयत्न केला तर तो तिच्या बोटांना चिकटला. थोडा वेळ ती आपल्या निळ्या बोटांकडं बघत बसली. मग म्हणाली, "शिक्का मुरला हिच्या अंगात. आता हिलाच न्या कचेरीत."

आकारामनं दुसरी वाट काढली. कोतवालीतून जुन्या पावतीची नक्कल निघायला महिने जातील. त्यापेक्षा ज्यानं दंड केला त्या पोलिसानंच मामलेदार साहेबांपुढं येऊन सांगावं, की दंड भरला. पिराजी आता नोकरीतून सुटून कागलच्या पुढं आपल्या गावी शेती बघत होता. त्याला घेऊन या.

बाबालाल पहाटेच निघाला. थंडीचे दिवस होते. उसाच्या फडांवर धुकं इतकं दाट होतं, की चांदणीचे कान तेवढे पुढं दिसायचे, बाकी घोडी नव्हतीच. गुऱ्हाळं पेटलेली होती. गोड धूर धुक्यात मिसळून रस्त्यावर आडवा पडला होता आणि टांगा त्यातून जाताना चाकांचा आवाजसुद्धा मऊ झाला. हाच रस्ता पुढं निपाणीला जातो. तो आपण उलटा चालतोय असं बाबालालला वाटलं, इतकी वर्षं मागं मागं, आणि पुढच्या वळणावर तंबाखूच्या गाडीत बसलेला एक पोरगा समोरून येईल. त्याला काय सांगावं, परत जा म्हणावं की ये म्हणावं, हे त्याला ठरवता येईना. कागल मागं पडलं. धुकं उठलं. पोरगा काही आला नाही.

पिराजी बांधावर बसून भाकरी खात होता. त्यानं बाबालालला ओळखायच्या आधी चांदणीला ओळखलं. बाबालालला त्यानं अर्धी भाकरी आणि ठेचा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि येतो म्हणाला.

"फकस्त एक हाय," तो उठता उठता म्हणाला. "मला इचारलं तर मी बघितल्यालं सांगणार. तुझ्या बाजूनं न्हाय, कुणाच्याच बाजूनं न्हाय."

"बघितलेलंच सांगा की. मला तेवढंच पायजे," बाबालाल म्हणाला. त्याला वाटलं, यात वेगळं ते काय निघणार?

मामलेदारांपुढं पुकारा झाला तेव्हा बाबालालनं फेटा दोनदा नीट केला. खोली उंच होती, खिडकीतून येणाऱ्या उन्हात धूळ तरंगत होती. मामलेदार मवाळ आवाजाचे गृहस्थ होते. दिव्याचे दंड त्यांनी वाचले, पिराच्या तेलाची हकिगत ऐकली आणि म्हणाले, की पिराला जरूर घाला, पण घरून निघताना तेल थोडं जास्त घेत जा. बाबालालनं मान डोलावली. मग त्यांनी तिसरा मजकूर वाचला, चष्मा वर केला आणि पिराजीला विचारलं, की दंड भरला होता का.

"भरला हुता साहेब. मी सोता बघितला. लगोलग भरला, कुरकुर न्हाय केली."

बाबालालनं श्वास सोडला. मामलेदारांनी टाक उचलला आणि सहज, कागद पुरा करायचा म्हणून विचारावं तसं विचारलं, की नगारा ऐकून घोडी थांबली, हे बरोबर ना?

पिराजीनं मान हलवली.

"न्हाय साहेब. घोडी चालाय बघत हुती. लगाम ह्यानं वढून धरला हुता."

तो जसं घडलं तसं सांगत गेला. घोडी आपल्या मनानं थांबली की लगाम सैल पडतो, मधे झोळ येतो. त्या दिवशी झोळ नव्हता. लगाम तारेसारखा ताठ होता, घोडीचं तोंड ओढलेलं होतं, आणि ती पुढचा एक पाय उचलून पुन्हा तिथंच ठेवत होती. मागं भोंगा वाजत होता, तिला निघायचं होतं. आणि हा वर बसला होता, जागेपणी झोपेत असावा तसा. म्हणून आपण नगारा संपेपर्यंत थांबलो, पिराजी म्हणाला. मधेच जागं करावंसं वाटलं नाही.

आकारामनं खाली बघितलं, कारण अक्षर त्याचं होतं. मामलेदारांनी अर्ज उचलून पुन्हा वाचला, या वेळी सावकाश.

"इथं तर वेगळं लिहिलंय," ते म्हणाले. "अर्जदाराचा इलाज चालला नाही, असं."

पिराजी चुकतोय असं बाबालाल म्हणू शकला असता. जुनी गोष्ट, म्हातारा माणूस, कुणी धरून बसलं नसतं. त्यानं आपल्या हातांकडं बघितलं. दोन्ही तळव्यांवर लगामाचे जुने घट्टे होते. मुठी आपोआप वळल्या, आणि मुठी वळल्याबरोबर त्याला ते आठवलं. ताण आठवला. घोडीच्या तोंडाचा तो हळू हळू येणारा हिसका, आणि त्याला आपण दिलेलं उत्तर. हे सगळं इतकी वर्षं त्याच्या हातांना ठाऊक होतं, आणि डोक्यापर्यंत ते कधी आलंच नव्हतं.

"पिराजी म्हंत्यात ते खरं हाय साहेब," तो म्हणाला. "मला वाटत हुतं घोडीच थांबतीय. पर लगाम माझ्याच हातात हुता."

"का थांबवलीत? कुणी सांगितलं होतं?"

"कुणी न्हाय." बाबालालनं मान वर केली. खिडकीतली धूळ वर जात होती, खाली येत होती. "आधी खरंच ती थांबायची. तिच्यासंगं मीबी थांबायचो. नगारा वाजायचा, लोक बघायचे. तेवढा वेळ मला कुणी पावणं म्हणायचं न्हाय."

मामलेदारांनी अर्ज खाली ठेवला. मग त्यांनी आकारामला सांगितलं, की ते वाक्य खोडा, आता सांगितलं तसं लिहा आणि खाली अंगठा पुन्हा घ्या. बाबालालनं निळा अंगठा उठवला. निकाल यथावकाश कळेल, असं सांगून त्यांनी पुढचा पुकारा करायला लावला.

बाहेर कडुलिंबाखाली तिघं उभे राहिले. आकाराम म्हणाला, की खरं सांगितलंत ते बरं केलंत, पण त्याच्या आवाजात खात्री नव्हती. पिराजीनं बाबालालच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. बाबालालला त्याच्यावर राग येत नव्हता. त्याला चोरी झाल्यासारखंही वाटत होतं आणि हरवलेलं सापडल्यासारखंही. त्यानं पिराजीला कागलपर्यंत नेऊन सोडलं आणि दिवेलागणीच्या आत परत आला, नेहमीच्या लांबच्या वळशानं. घरी अमीरबीला सांगितलं तेव्हा ती बांगड्या तारेत ओवत होती. ऐकून ती म्हणाली, की निपाणीला जायचं झालं तर मी येणार नाही, माझं गाव हे आहे. मग दोन बांगड्या ओवून झाल्यावर म्हणाली, की येईन, पण घोडी तुम्ही हाकायची नाही, मी हाकणार.

निकालाची वाट बघण्यात होळी गेली. बाबालाल अड्ड्यावर बिल्ल्याशिवायच उभा राहायचा, शेवटच्या टोकाला. आज कुणी हटकलं नाही, एवढंच बघून घरी जायचा. दिलदार अजून तेच म्हणत होता, की घोडीवर ढकलायचं होतंस, घोडी काही उलट बोलली नसती.

हुकूम आला तो कोतवालीतल्या शिपायाच्या हातून. आकारामनं वाचला. निपाणीचा बाबालाल यास करवीर इलाख्याची रयत म्हणून दाखल करण्यात येत आहे, मुक्काम कोल्हापूर, सबब बिल्ला देण्यात यावा. खाली मामलेदारांनी आपल्या हातानं एक ओळ घातली होती, की अर्जदारानं यापुढं नगाऱ्याच्या वेळी टांगा रस्त्याच्या मधोमध उभा करू नये. कडेला करण्यास हरकत नाही. आकारामनं ती ओळ दोनदा वाचली. असं हुकमात लिहितात, हे त्याला माहीत नव्हतं.

बिल्ला अमीरबीनं राखेनं घासून लख्ख केला. अड्ड्यावर दिलदारनं तो हातात घेऊन उन्हात फिरवला आणि लांबून ओरडला, "काय पावणं, रयत झालासा व्हय?" सगळे हसले. बाबालालही हसला. ते आता बदलणार नव्हतं, आणि त्याला ते पूर्वीइतकं लागलंही नाही.

त्या संध्याकाळी त्यानं कितीतरी वर्षांनी वळसा घातला नाही. पिराच्या पणतीत तेल घातलं, टांग्याच्या दिव्यात थोडं जास्त घातलं आणि सरळ राजवाड्याकडं निघाला. रस्त्यावर तीच केशरी धूळ होती. कबुतरं नगारखान्यावरून उठून पुन्हा बसत होती. त्याला एकच गोष्ट बघायची होती. नगारा सुरू झाला की लगाम सोडून द्यायचा, अगदी सैल, आणि बघायचं, की चांदणी थांबते का चालते. त्या म्हाताऱ्या मोतद्दारानं सांगितलेलं अजून तिच्या अंगात उरलंय का, की तेही ताइतातल्या शिक्क्यासारखं केव्हाच विरघळलं.

पण हुकूम हुकूम होता. नगारा सुरू व्हायच्या आधीच टांगा कडेला घ्यायला हवा होता. त्यानं तो वडाच्या पाराशी घेतला आणि उभा केला. आणि उभा केल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की उभी असलेली घोडी थांबते की नाही, हे आता कसं कळणार?

वर पहिला ठोका पडला. मग दुसरा, मग ठोके एकमेकांत मिसळून गेले. लगाम त्याच्या गुडघ्यावर सैल पडला होता, मधे झोळ होता. चांदणीनं कान पुढं केले. तिच्या पाठीवरची कातडी पाण्यावर वारा यावा तशी एकदा थरथरली. आवाज टांग्याच्या दांड्यांतून वर आला आणि रिकाम्या तळहातांपर्यंत पोचला. बाजूनं एक मोटार वाट मोकळी मिळाल्यानं सावकाश निघून गेली. टांग्याच्या दिव्याची ज्योत स्थिर झाली.

नगारा थांबल्यावरही दोघं थोडा वेळ तशीच उभी होती. मग बाबालाल खाली उतरला, घोडीच्या त्या जाळं आलेल्या डोळ्याच्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "चांदणे, खरं सांग. एवढी वर्षं त्या रस्त्यात पयलं कोण थांबत हुतं, तू का मी?"